पणजोबांचं आडनाव आणि आमचे जावईबापू

सरकारी दप्तरात एक कागद शोधायला जावं आणि पोतंभर किस्से घेऊन यावं, असं माझं झालं. कागद शेवटी एकच मिळाला. किस्से मात्र अजून संपत नाहीत, आणि बहुतेकांत मूर्ख मीच असल्यानं सांगायला कोणाची परवानगी लागत नाही!

निमित्त माझ्या पुतणीचं, पल्लवीचं. इंजिनिअरिंगची ॲडमिशन टिकवायची तर जात पडताळणीचा दाखला हवा, आणि तिची फाईल अडलेली. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव 'महाजन', आणि त्यांच्या वडिलांच्या शेताच्या जुन्या कागदावर 'पाटील'. हे दोघं बापलेक कशावरून? महिन्याभरात पुरावा आणा, नाहीतर सीट गेली. पोरगी रडवेली झाली. मी छाती फुगवून म्हटलं, "अगं, तुझा काका तीस वर्षं इतिहास शिकवून रिटायर झालाय. आठ दिवसांत पणजोबा हजर करतो!"

सोबतीला घेतलं सुदामला. सुदाम मूळचा धुळ्याकडचा. आमच्या यावल तालुक्यातल्या गावात झोपे आडनावाच्या घरात घरजावई म्हणून आला आणि त्यांची केळीची बाग सांभाळत इथलाच झाला. मोटरसायकल त्याची, पेट्रोल त्याचं. मी मागं बसून टोमणे मारायचो. "काय जावईबापू, सासूबाईंनी सुट्टी दिली का?" तीस वर्षं हाच एक विनोद! तो हसायचा, म्हणून मला वाटायचं की विनोद चांगला आहे.

*

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडात बांधलेले गठ्ठे. काही मोडीतले. मी दहा दिवसांचा मोडीचा क्लास केलेला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं. पहिलीच वही उघडली आणि मला आमच्याच गावाचं नाव दिसलं! बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागलो: "रंग सावळा... कपाळावर पांढरा ठिपका... उजव्या कानाला चीर..."

माझे डोळे भरून आले. सुदामला म्हटलं, "आमच्या आजोबांच्या कानाला अगदी अशीच चीर होती रे!"

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, ती कोंडवाड्याची वही आहे. त्या म्हशी आहेत."

*

मग जन्ममृत्यूची खरी वही मिळाली. कोतवालानं गावभर फिरून केलेल्या नोंदी, त्याही साध्या मराठी अक्षरांत. आजोबांचं नाव श्रावण. मी दहा वर्षांच्या वह्या पालथ्या घातल्या, पण श्रावण कुठेच नाही! हातांची बोटं काळी झाली, शिंका येऊन येऊन नाक लाल झालं. पाचव्या दिवशी मॅडमना म्हटलं, "पान फाटलेलं दिसतंय."

"नाव काय शोधताय सर? कोतवाल जन्माची नोंद लगेच करायचा. बारसं बाराव्या दिवशी. नाव येणार कुठून?"

पाहिलं तर खरंच, सगळीकडे नुसतं 'मुलगा', 'मुलगी'. बापाचं नाव बघायचं असतं! चार दिवस मी अशा बाळाचं नाव शोधत होतो, ज्याचं अजून बारसंच झालं नव्हतं.

*

मधल्या मधे गावातल्या एका आबांनी गळ घातली, "मास्तर, तिथं बसलाच आहात तर माझीबी जन्मतारीख बघा." शाळेच्या दाखल्यावर त्यांची एक जून. आमच्या गावात निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली आहेत, कारण नाव घालताना आम्हा मास्तरांना तीच तारीख सोयीची! आबांची नोंद मिळाली. दाखल्यापेक्षा ते तीन वर्षांनी मोठे निघाले. तेव्हापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत.

*

तीन आठवडे गेले. बापाच्या नावानंही आमच्या गावच्या वहीत काही मिळेना. पल्लवीचा फोन आला की मी तो बायकोकडे द्यायला लागलो. खरं सांगतो, पोरीला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

शेवटी नव्वदीच्या अक्कांकडे गेलो. अक्का म्हणजे माझी आत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "पह्यलं बाळंतपन माहेरी व्हतं ना रे! माझ्या आजीचं माहेर फैजपूरकडचं. तुमी मानसं बापाच्याच गावात काय धुंडता?"

इतिहासाचा मास्तर! पणजीला माहेर असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी शेजारचाच, फैजपूरकडचा गठ्ठा सोडला आणि अर्ध्या तासात नोंद सापडली. चष्मा घरी राहिलेला, म्हणून सुदामनं वाचून दाखवली: "मुलगा. बाप तुकाराम दौलत पाटील, ऊर्फ महाजन. राहणार सासरे महाजन यांचे घरी." आणि शेरा होता, "घरजावई."

सुदामनं वही हळूच मिटली. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

*

जळगावला सुनावणी. मी, पल्लवी आणि सुदाम. साहेबांनी नक्कल वाचली आणि मान वर केली. "सासऱ्याकडे राहिला म्हणून माणसाचं आडनाव बदलतं का हो?"

मी उगाच पिशवीतले कागद चाळायला लागलो. पल्लवी माझ्याकडे बघतेय. तेवढ्यात मागून सुदाम उठला.

"बदलस ना साहेब! मी सोता घरजवाई शे. तीस वरीस व्हयनात. बठ्ठा गाव माले झोपेसना जवाई म्हनस. मन्हा आडनाववरी कोनी हाक मारी नही."

साहेबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "ठीक आहे, यांचा जबाब जोडून घेऊ. पोरीचं काम होऊन जाईल." पल्लवीनं डोळे पुसले. साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "सर, तुमचं अक्षर चांगलं असेल. वर यांचं पूर्ण नाव लिहा."

मी ऐटीत पेन उघडलं. 'श्री. सुदाम' असं झोकात लिहिलं, आणि आडनावापाशी पेन अडलं.

सुदाम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"काब्र थांबनात, सर?"