खांद्यावरचा निळा डाग

नवरा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि त्याच्या उजव्या खांद्यावरचा डाग मला दिसला. गळ्याच्या हाडाखाली, खोबणीत, तळहाताएवढा निळाजांभळा.

"हे काय झालं?"

"कुठे? हां, ते. साइटवर दार लागलं."

दार कपाळाला लागतं, कोपराला लागतं. खांद्याच्या खोबणीत शिरून कसं लागेल? जवळ जाऊन पाहिलं तर नव्या जांभळ्या डागाखाली जुना, पिवळट पडलेला आणखी एक होता. म्हणजे हे दार पुन्हापुन्हा लागत होतं. तो घाईघाईने बनियन चढवून आत गेला.

नवऱ्याचा एसी बसवण्याचा धंदा आहे. दुबईत, अल कुसैसच्या याच फ्लॅटमध्ये आमचा निम्मा संसार झाला. इतक्या वर्षांत शनिवारी सकाळी साइटवर जायची सवय त्याला कधीच नव्हती, ती हल्लीच लागली होती. त्या दिवसापासून मी लक्ष ठेवू लागले. शनिवारच्या शर्टाला एक उग्र वास यायचा, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा. वॉशिंग मशिनमध्ये कानात घालायचे स्पंजचे बोळे सापडले. विचारलं तर म्हणाला, "ड्रिलिंगचा आवाज फार असतो गं." मागच्या वेळी दार, आता ड्रिल.

मग एकदा मुलगी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "ममा, बाबा इज बीइंग सो वियर्ड." मी डोकावून पाहिलं. हा माणूस हॉलमध्ये पुसायच्या मॉपचा दांडा खांद्याला लावून, एक पाय पुढे टाकून, गाल दांड्यावर टेकवून उभा होता. मला पाहताच फरशी पुसायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मी मनात काय काय आणलं! मजुरांशी भांडण होऊन कुणी मारतंय का? दवाखान्यात कसली तरी तपासणी चालली आहे आणि माझ्यापासून लपवतोय का? बाईचा संशय आला नाही असं नाही, पण असा डाग पाडणारी बाई काही डोळ्यासमोर येईना.

पुढच्या शनिवारी तो किल्ल्या उचलत होता तेव्हा मी पर्स घेऊन दारात उभी राहिले.

"मी पण येते साइटवर."

"तू? तिथे धूळ असते."

"असू दे."

त्याने किल्ल्या मुठीत खुळखुळवल्या. मग म्हणाला, "एमिरेट्स आयडी घे. गेटवर बघतात."

शहर मागे पडलं, वाळू लागली, मधूनमधून घाफची झाडं. एका कुंपणाच्या फाटकातून आत शिरताना मी पाटी वाचली. नेमबाजीचा क्लब होता तो.

माझा विश्वास बसेना. हा माणूस लक्ष्मीपूजनाला फटाके वाजू लागले की कानात बोटं घालून गॅलरीच्या आत उभा राहतो. मुलगी लहान असताना तिच्या भुईचक्राला काडी मीच लावायचे.

आत पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक वयस्कर अरब गृहस्थ बसले होते. अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या त्यांच्या व्हिलाचं एसीचं काम नवऱ्याने केलं होतं, तेवढं मला माहीत होतं. ते आफ्रिकेत रानरेड्यांच्या शिकारीला जातात आणि नवऱ्याला इथे त्यांनीच आणलं, हे त्या दिवशी कळलं. मला खजूर आणि गावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, दिली, हिंदीत विचारपूस केली. त्यांच्या गोड बोलण्याने माझा संशय वाढलाच. बिल चुकतं झाल्यावर कोण आपल्या एसीवाल्याचे इतके लाड करतं?

मेजावर रायफल होती. तिचं काडतूस माझ्या अंगठ्याहून जाड आणि मधल्या बोटाहून लांब. क्लबच्या माणसाने आमच्या कानांवर मफ चढवले. नवरा उभा राहिला, मॉप धरून राहायचा तसाच. मग आवाज झाला. तो मी कानांनी कमी आणि छातीने जास्त ऐकला. नळी आभाळाकडे गेली, नवरा कमरेपासून मागे ढकलला गेला, एक पाय सरकला. वळला तेव्हा तो हसत होता. हे हसू मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे आलेलं नव्हतं.

गृहस्थांनी पुन्हा काडतूस भरून रायफल त्याच्या हातात दिली. त्याने चाप ओढला. फक्त 'टक्' झालं. पण त्याचे डोळे गच्च मिटले, खांदा पुढे फेकला गेला आणि नळी खाली वाकली. जणू कुणी मागून ढकललं.

गृहस्थ मला म्हणाले, "देखा बहन? काडतूस खोटं होतं. रायफलने काही केलं नाही, जे केलं ते यानेच. भीती अशी दिसते. मी मधूनच खोटं भरतो, सांगत नाही."

नवऱ्याचे कान लाल झाले होते. मी त्याला बाजूला घेतलं.

"हे लपवण्यासारखं काय होतं?"

"तू विचारलं असतंस, कशासाठी? मला सांगता आलं नसतं." मग म्हणाला, "प्रत्येक वेळी पाय कापतात. तरी शनिवारची वाट बघतो. आवाज झाला की थोडा वेळ डोक्यात काहीच उरत नाही. ना टेंडर, ना फोन."

मला ते अर्धंच पटलं. तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "यल्ला बहन, आप भी."

आधी त्यांनी मला छोट्या रायफलने गोळ्या मारायला लावल्या. मग मोठी हातात दिली. दस्ता खांद्यात घट्ट ओढून घ्यायला लावला, गाल टेकवायला लावला. म्हणाले, धक्क्याशी भांडू नका, तो येईल तसं मागे जा. काडतूस भरताना ते इतके सहज होते की मी मनात म्हटलं, मला फसवताय होय! साडीतल्या बाईला खरं काडतूस कोण देईल? खोटंच आहे. मी निवांत नेम धरला आणि चाप ओढला.

जग मागे गेलं. म्हणजे मीच गेले, दोन पावलं, गृहस्थांच्या आधाराला धरलेल्या हातावर. दात एकमेकांवर आपटले. वाळू, छप्पर, आभाळ सगळं एकदम दिसलं आणि मग मी मोठ्याने हसले. दुर्बिणीतून पाहिलं तर समोरच्या कागदी निशाणावर छिद्र काळ्या वर्तुळाच्या आत होतं. नवऱ्याचं एकही इतकं जवळ नव्हतं.

"और एक?"

मी हो म्हटलं. काय येणार ते आता खांद्याला ठाऊक होतं. मी श्वास धरला, डोळे मिटले, चाप ओढला. टक्. आणि मी अख्खी पुढे वाकले. नवरा पोट धरून हसला. मलाही हसावं लागलं.

त्यानंतर मी आणखी काही वेळा गेले. ती पहिली गोळी पुन्हा जमली नाही. खरं आहे की खोटं, या विचारातच नेम हलतो. नवऱ्याचा मात्र सुधारत गेला. आता खोटं काडतूस आलं तरी नळी जागची हलत नाही.

मध्यंतरी गृहस्थांनी त्याला रेड्याच्या शिकारीसाठी आफ्रिकेला चलायचं आमंत्रण दिलं. तेव्हा मला वाटलं, एवढ्या प्रेमामागे हेच होतं तर, त्यांना सोबत हवी होती. नवऱ्याने खजुराची बी बशीत ठेवली आणि म्हणाला, "नहीं. मला कागदच पुरे. कागदाला भीती वाटत नाही."

गृहस्थांनी मान हलवली, 'खलास, संपलं' म्हणाले आणि विषय बदलला. मला हायसं वाटलं. पण परतीच्या वाटेवर तो एका हाताने गाडी चालवत दुसऱ्याने खांदा चोळत होता. ते उत्तर त्याचं स्वतःचं होतं की मी शेजारी बसले होते म्हणून दिलेलं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.