पायाळू पोर आणि सुटलेले बैल

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, शिळफाट्याच्या अलीकडच्या गावात. आढ्याला बांधलेला दोर धरून मी उकिडवी बसले आणि दोन दिवस कळा दिल्या. पोर झालं, पण रडलं नाही. सुईणीने पाठीत थोपटलं, पाय धरून उलटं केलं, तोंडात फुंकर मारली. गप्पच. संध्याकाळी माझ्या बापाने नेऊन पुरलं.

दुसऱ्यांदा दिवस राहिले ते सासरी, दहिवलीच्या पलीकडे. यावेळी पोर रडायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बैल घेताना माणूस चार बाजार हिंडतो, दात मोजतो. मग पोर जन्माला घालायचं तर तीन बायकांना तरी विचारावं म्हटलं.

पहिली सासू. ती सात वेळा उकिडवी बसली होती.

"बसलं की पोर आपल्या वजनानं खाली येतं. मला काय झालं?"

"आत्या, सातातली तीन गेली की."

"ती तापानं गेली. माज्या बसण्यानं नाय."

दुसरी नर्स. भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये माझा नवरा कामाला होता, तिथल्या क्वार्टरमध्ये ही नर्स यायची. ती म्हणाली, "टेबलावर उताणं झोपायचं, पाय वर करायचे, सांगितलं की जोर लावायचा."

"बाई, उताणी झोपून मला ढेकरसुद्धा येत नाय."

"ढेकर नाही काढायचा, मूल काढायचंय."

"मग उताणं कुणाच्या सोयीसाठी?"

"डॉक्टरांच्या," ती म्हणाली. बाई खोटं बोलली नाही, म्हणून मला आवडली.

तिसरी नणंद. मुंबईत तिचं पोट कापून पोरगा काढला होता. बेंबीखालचा उभा टाका ती भेटेल त्या बाईला लुगडं खाली सारून दाखवायची, नवा दागिना दाखवावा तसा. "काय कळलंच नाय गं. डोळं मिटलं, उघडलं, तर पोरगा!"

"आणि मग?"

"मग महिनाभर शिंक आली की जीव जायचा. हसवू नको गं कुणी, असं सांगायची मी."

मी सगळं ऐकलं आणि कर्जतच्या दवाखान्यात जायचं ठरवलं. उताणं तर उताणं. कळ आली की सासऱ्यांनी गाडी जुंपायची, असं नवऱ्याने सांगून ठेवलं. सासू म्हणाली, "न्या की. मी काय आडवी येते का?"

कळा सुरू झाल्या सकाळी, भाकऱ्या थापताना. नवरा कामावर, सासरे शेतावर. त्यांना बोलवायला जाऊबाई पळाली. तेवढ्यात सासूने सुईणीला आणलं. "गाडी जुंपस्तवर नुसतं बघंल ती."

आमच्याकडे बाई अडली की घरातलं जे जे बांधलेलं, मिटलेलं, ते मोकळं करतात. म्हणजे बाई मोकळी होते. मी अजून अडलेही नव्हते, पण सासूला आधीच काळजी. तिने कुलपं काढली, डब्यांची झाकणं उघडली, पोत्यांची तोंडं सोडली, आपला अंबाडा सोडला, माझे केस सोडले, लुगड्याची गाठही सोडली. धम्मदीक्षा घेतली त्या साली सासऱ्यांनी घरातले देव नेऊन नदीत बुडवले होते. मी म्हटलं, "आत्या, हे आता आपल्यात नाय ना?" तर म्हणाली, "देव गेले. गाठी कुटं गेल्या?"

सुईणीने हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "पायाळू हाय. पाय खाली आलाय. माज्याच्यानं नाय व्हायचं, लगेच कर्जतला काढा हिला." पायाळू माणसाची लाथ धरलेल्या कंबरेला चांगली म्हणतात, पण ती लाथ आधी बाहेर यायला हवी.

सासरे धावत आले. "बैल कुटं हायत?"

"सोडले," सासू म्हणाली.

"चरायला? आत्ता?"

"चरायला नाय. समद्याच गाठी सोडल्या, त्यांच्याबी सोडल्या."

बैल नदीच्या अंगाला केव्हाच गेले होते. सासरे जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. त्यांनी शेजारचे दोन बाप्ये बोलावले. तिघांनी गाडी ओढायची असं ठरलं, पण जुवाचा दोरही सोडलेला. सासऱ्यांनी तो हातात घेतला तशी सासू पुढे आली.

"गाठ मारू नका! पोर भायेर येईस्तवर एकबी गाठ नाय!"

"अगं, जू निसटंल वाटंत!"

"हातानं धरा की."

आणि ते बाप्ये हाताने कसं धरायचं याचा खरोखर विचार करू लागले. मी गाडीत आडवी होते. मला माहेरचं ते गप्प पडलेलं पोर दिसलं. चार वर्षांत सासूपुढे माझा आवाज चढला नव्हता. त्या दिवशी चढला.

"आत्या, बाजूला व्हा, नायतर उतरून तुमचेच हातपाय बांधीन! मामा, मारा गाठ!"

सासऱ्यांनी गाठ मारली. मग आणखी एक मारली.

गाडी निघाली. पुढे तीन बाप्ये, मागून मोकळ्या केसांची सासू ढकलतेय आणि सुईणीच्या सात पिढ्या काढतेय. ढकललं मात्र तिने बैलासारखं, ते मी नाकारत नाही. मी एका हाताने लुगडं धरून होते.

दवाखान्यात टेबलावर घातली. मी म्हटलं, "उकिडवी बसते." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडून राहा, मला हात घालायचाय." मी म्हटलं, "मग पोट कापा." म्हणाल्या, "ते इथे होत नाही, आणि पुढे पाठवायला वेळ नाही." माझी सगळी चौकशी फुकट गेली.

पाय आले, धड आलं, डोकं आत राहिलं. त्या वेळेला कुणी म्हटलं असतं तर मी नदीतले देव परत घरात घेतले असते. मग डोकं आलं. मुलगी. निळी, आणि गप्प. तिथल्या नर्सने पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या. तसली शांतता मी एकदा ऐकलेली होती.

आणि ती रडली. कोंबडी धरल्यावर ओरडते तशी, थांबायचं नावच नाही.

"घे, पाज तिला, गप्प होईल," नर्स म्हणाली.

"थांबा जरा," मी म्हटलं. "रडू दे."

पोरगी रडतच राहिली. बराच वेळ मी ऐकलं. मग माझं डोकं उठलं, तेव्हा घेतली जवळ.