मरळ सोडून सगळं

बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही वरणगावला राहत होतो. मी कारखान्यात टर्नर होतो. ऑपरेशन जळगावला झालं, नीट झालं, टाकेही वेळेवर निघाले. ती घरी आली आणि तिथून पुढे मात्र बरी होईना. रोज दिवे लागायच्या सुमाराला अंग तापायचं. सकाळी ताप उतरलेला असायचा आणि ती इतकी गळून गेलेली असायची की वेणी घालायला हात वर जात नसत. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या बदलल्या, पुन्हा पहिल्या गोळ्यांवर आणलं. मी दर वेळी विचारायचो, "डॉक्टर, नक्की काय आहे?" ते खरं बोलणारे गृहस्थ होते. म्हणायचे, "जखम तर भरलेली दिसते. ताप कशाचा आहे ते माझ्याही लक्षात येत नाही."

तिची आई पाचोऱ्याहून येऊन राहिली होती. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचो. अक्कांनी लेकीचे हातपाय चेपले, काढे दिले, दृष्ट काढली. शेवटी एके दिवशी मला म्हणाल्या, "जावाईबापू, तिले मरय खाऊ घाला. जखम आतून भरीन."

मरय म्हणजे मरळ. काळपट, लांबट, सापासारख्या डोक्याचा मासा. त्यात काटे कमी, आणि आजारी माणसाला तो चालतो असा आमच्याकडे पक्का समज. बायकोला तेव्हा भाताचे दोन घाससुद्धा नको असायचे, पण मरळीचं नाव काढल्यावर ती म्हणाली, "रस्सा पिऊन बघेन." कित्येक दिवसांनी तिने काहीतरी खायला होकार दिला होता.

भुसावळच्या बाजारात मरळ यायची, पण तिचा नेम नसे. मी गेलो की कोळीण सांगायची, काल होती. शिवाय अक्कांची अट होती की मासा जिवंत हवा, बर्फातला नको. मग मी शेजारच्या नानांकडे गेलो. नाना आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे पारोळ्याकडचे. दर रविवारी सायकलला बांबूची काठी बांधून ते तापीवर गळ टाकायला जात. त्यांच्याकडून मासे घ्यावेत एवढाच माझा विचार होता. नाना म्हणाले, "माले मरळ वरीसमा एखादी भेटस. तू बी चाल. दोन गळ बरे."

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा गळ हातात धरला.

आम्ही तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यावर जायचो. पाणी चढून बुडालेल्या बाभळींचे शेंडे तिथे वर दिसत, काठाला गवत आणि शेवाळ होतं. नानांच्या मते मरळ अशाच उथळ, गवताळ पाण्यात राहते. त्यांनी मला नायलॉनचा दोरा गळाला कसा बांधायचा ते शिकवलं, थर्माकोलचा तुकडा तरंगायला आणि शिशाचा मणी वजनाला लावला, झिंगा टोचून दिला आणि गवताच्या कडेला बोट दाखवलं. मी झिंगा तिथे टाकला. तुकडा बुडाला, मी काठी ओढली आणि वर आला शिंगटा.

शिंगट्याला मिशा असतात आणि पाठीवर नि कल्ल्यांमागे काटे असतात. मला ते ठाऊक नव्हतं. त्याला गळावरून सोडवताना एक काटा अंगठ्यात असा घुसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला होता, लेथवर नीट काम करता येईना. पुढच्या रविवारी पुन्हा शिंगटेच. त्यानंतर एक सापासारखी लांब वाम आली, तिने स्वतःभोवती दोऱ्याचा असा गुंता केला की दोरा कापावा लागला. अक्कांनी एकदा शिंगट्याचा रस्सा करून पाहिला. बायकोने घोट घेतला आणि लगेच ओकून टाकला. पुढचे शिंगटे शेजारी वाटले गेले.

नाना माझ्या गळाकडे पाहून विचार करायचे. म्हणाले, "शिंगटा तळले ऱ्हास. शिसं काढी टाक." शिसं काढल्यावर झिंगा खाली न बसता वरच्या वर राहू लागला. शिंगटे खरंच थांबले. पण आता चिलापी यायला लागल्या, तळहाताएवढ्या, काट्यांनी भरलेल्या. चिलापीचं तोंड लहान असतं, म्हणून नानांनी मोठा गळ बांधायला लावला. झिंग्याऐवजी कणकेचा गोळा लावून पाहिला तर कणीक मरळ खात नाही. मरळीला मांसच लागतं, आणि मांस लावलं की पाण्यातलं जे जे मांस खातं ते सगळं येतं. हे कोडं मी रात्रपाळीलाही डोक्यात घोळवत असे. माझ्या हातात तेवढंच होतं. तापाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, गळाचं निदान काहीतरी करता येत होतं.

शेवटी नानांनी बेडकी लावायचं ठरवलं. मोठा गळ, त्याला छोटी बेडकी, आणि ती गवताच्या कडेने पाण्यावर हलकेच नाचवायची. वर तरंगणाऱ्या बेडकीला मरळच झडप घालते, असं ते म्हणाले. मी तसं केलं. चैत्राचं ऊन होतं, पाणी बरंच मागे हटलं होतं. बऱ्याच वेळाने बेडकीखालचं पाणी फुगल्यासारखं झालं आणि ती दिसेनाशी झाली. काठी धनुष्यासारखी वाकली. नाना धावत आले. "सावकाश, सावकाश," म्हणत त्यांनीही काठी धरली. ओढ जड होती, पण माशासारखी झटके देणारी नव्हती. कोणीतरी खाली बसून राहिल्यासारखं वाटत होतं.

काठाच्या गढूळ पाण्यात ते वर आलं तेव्हा मला आधी ताटच दिसलं. मग लांब मान बाहेर आली.

"हाई मरळ नई शे," नाना म्हणाले.

मऊ पाठीचं मोठं कासव होतं. दोरा त्याच्या तोंडातून थेट आत गेला होता. गळ दिसत नव्हता. ओठात अडकला असता तर काढता आला असता, पण त्याने बेडकी गिळली होती आणि तिच्यासोबत गळही. मी जवळ गेलो की ते मान आत ओढून घ्यायचं, आणि मान आत गेली की दोराही आत ओढला जायचा. नानांनी ओलं पोतं टाकून त्याला धरलं. मी काटकीने तोंड उघडायला गेलो, तर त्याने काटकी कडकन तोडली. मान पुन्हा बाहेर येईपर्यंत आम्ही वाट पाहिली. ती आली तेव्हा तोंडाच्या कडेला रक्त दिसलं. मी दोरा अगदी हळू ओढून पाहिला. कासवाचे चारही पाय ताठ झाले. मी दोरा सोडून दिला.

"आते काय करानं?" मी नानांच्याच बोलीत विचारलं.

नाना पोत्यावर हात ठेवून बसले होते. इतकी वर्षं गळ टाकून त्यांच्या गळाला कासवं लागली होती, पण सगळी ओठात अडकलेली. हे त्यांनीही पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, गावात गुरांचा दवाखाना आहे, तिथे नेऊ. त्यांनी मान डोलावली. कासव पोत्यात घालून आम्ही सायकलच्या कॅरियरवर बांधलं. मी सायकल ढकलत होतो आणि नाना पोत्याला धरून चालत होते. वाटेत एकाने विचारलं, विकायचं आहे का. दुसरा म्हणाला, घरात ठेवा, लक्ष्मी येते. आम्ही चालत राहिलो.

रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता, पण गुरांचे डॉक्टर मागेच राहत. जेवणावरून उठून ते हात पुसत आले. पोतं उघडल्यावर क्षणभर पाहतच राहिले.

"मी बैल, म्हशी, शेळ्या पाहतो," ते म्हणाले. "कासव कधी पाहिलेलं नाही."

पण त्यांनी टाळलं नाही. लांब चिमटा आणला, टॉर्च आणली. बैलाच्या तोंडात घालायचा लोखंडी तुकडा आणला, तो फारच मोठा होता. शेवटी लाकडाची चपटी पट्टी त्याच्या जबड्यात धरून त्यांनी आत उजेड पाडला. मी आणि नानांनी दोन्ही बाजूंनी कवच दाबून धरलं होतं. हाताखाली त्याचं अंग धडधडत होतं. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं, चिमटा आत नेला, तसाच परत काढला.

"गळ घशाच्याही खाली गेलाय. ओढला तर आतडं फाटेल. कापून काढायचं म्हणाल तर भूल किती द्यायची हेच मला माहीत नाही. दोरा जितका आत कापता येईल तितका कापतो आणि सोडून द्या."

"मग जगेल का?" मी विचारलं.

"लोखंड आहे. गंजून झिजेलही कदाचित." चिमटा पुसत ते म्हणाले, "मी सांगू शकत नाही. उगाच होय म्हणणार नाही."

हे वाक्य मी जळगावलाही ऐकलं होतं, थोड्या वेगळ्या शब्दांत. मला डॉक्टरांचा राग आला नाही. मी त्यांच्या हातातला चिमटा पाहत राहिलो.

तेवढ्यात तिथे केळीच्या बागेचा एक मालक गाईचं औषध विचारायला आला. तो म्हणाला, "माझ्या विहिरीत सोडा. पाणी कधी आटत नाही. तुम्हालाही येऊन बघता येईल." मला ते पटलं. निदान कळेल तरी, असं वाटलं. पण नानांनी ठाम नकार दिला. "विहीरमा नको," ते म्हणाले. "रोज देखानं आनी काही करता येत नई. त्याले नदीमाच सोडी दे."

डॉक्टरांनी दोरा आतून कापला आणि आम्ही पुन्हा फुगवट्यावर गेलो. कासवाला पाण्याच्या कडेला ठेवलं. ते बसूनच राहिलं. मी त्याच्या पाठीवर ओंजळीने पाणी घातलं. मग ते चालू लागलं, कुठेही न अडखळता, आणि पाण्यात शिरून गेलं. चालताना त्याला काही झालंय असं वाटतही नव्हतं. नाना त्या दिवशी पुन्हा गळ न टाकताच घरी आले.

बायको खाटेवर पडून होती. तिने विचारलं, "आज काय मिळालं?" मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि घशात गळ घेऊन ते खाणार कसं आता?" अक्का दाराशी तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

त्या आठवड्यात मी कारखान्यातल्या ग्राइंडरवर सगळ्या गळांच्या आकड्या घासून टाकल्या. आकडी म्हणजे गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा, त्याच्यामुळे मासा सुटत नाही. ती नसली की नको असलेला जीव अलगद सोडवता येतो. आत गिळला तरी निदान ओढून काढण्याची आशा राहते. नानांनी ते गुळगुळीत गळ हातात फिरवून पाहिले. मग आपलेही गळ माझ्याकडे दिले.

आता जे येई ते सोडणं सोपं झालं. शिंगटे आले, सोडले. एक लहानसं कासव ओठात अडकलेलं आलं, ते हात लावताच सुटलं. त्या दिवशी मला बरंच हलकं वाटलं.

आणि मग वैशाखातल्या एका सकाळी मरळ आली. मी बेडकी अजून नाचवतही नव्हतो. पाणी फुटल्याचा आवाज झाला, काठीला हिसका बसला, आणि मरळ गवताच्या वर उडाली तेव्हा तिचं पांढरं पोट मी स्पष्ट पाहिलं. हातभर लांब असावी. नाना उभे राहून म्हणाले, "ढील दिऊ नको, ढील दिऊ नको." दोरा ताणलेला असेपर्यंत ती गळावर राहणार होती. मी तिला काठापर्यंत आणली. चिखलात गुडघाभर उतरलो. हात तिच्या कल्ल्याकडे नेला, त्यासाठी काठी जराशी खाली झाली, तिने डोकं झटकलं आणि गळ रिकामा माझ्या अंगावर आला. ती माझ्या पायांजवळून गेली. पोटरीला तिची शेपटी लागली.

आम्ही काठावर येऊन बसलो. नानांनी डब्यातून भाकरी आणि ठेचा काढला, अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. आकडी का घासली असं ते म्हणाले नाहीत. मी स्वतःला विचारून पाहिलं, आकडी असती तर? तर मरळ मिळाली असती. आणि ते लहान कासव? दोन्हीचं उत्तर मला ठाऊक होतं आणि त्याचा काहीच उपयोग नव्हता.

घरी अक्कांना मी मरळ सुटली एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्ही दमले." त्यानंतर मी गळ टाकायला गेलो नाही. मरळीचा रस्सा बायकोने त्या आजारात कधीच घेतला नाही.

आषाढ संपता संपता तिचा ताप येईनासा झाला. आधी एक दिवस चुकला, मग सलग काही दिवस. औषध तेच होतं, खाणं तेच होतं. जळगावच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "छान झालं. का झालं ते विचारू नका." अक्का पाचोऱ्याला परत गेल्या. नाना पुढे मुलाकडे धुळ्याला राहायला गेले. बायको हळूहळू स्वयंपाकाला उभी राहायला लागली, मग विहिरीवर जायला लागली, मग शेजारणींशी भांडायलाही.

मी मात्र पुढचे कितीतरी महिने कामावरून आलो की आधी थर्मामीटर झटकायचो. ती कणीक मळत असायची. "काही नाही हो मला," म्हणायची, पण पिठाचे हात तसेच ठेवून तोंड उघडायची. मी तिच्यासमोर उभा राहून पारा चढतोय का ते पाहत राहायचो.