सौम्य झटका

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "माइल्ड आहे. वेळेत आणलंत." तेवढ्या एका शब्दाने माझ्या जिवात जीव आला. मुंबईला भावाला फोन करून सांगितलं, "सौम्य आहे रे, धावत येऊ नकोस." सौम्य म्हटलं की मला तान्ह्या बाळाच्या अंगाला लावायचा साबण आठवतो. तसलंच काहीतरी, येऊन गेलेलं.

लवकरच ती रत्नागिरीत माझ्या घरी हिंडू-फिरू लागली. हातपाय ठीक होते. फक्त बोलताना मध्येच थांबायची. मीठ हवं असलं की "ते... ते दे गो" म्हणून बोट दाखवायची. मला वाटायचं, आजारपणाचे लाड चाललेत. "नीट सांग ना आई, सौम्य तर होता," असं मी सारखी म्हणायची.

मग लांज्याला भाचीच्या मुलाचं बारसं आलं. आमच्या नात्यात पाळणा म्हणायचा तो आईनेच. तिने दोरी हातात घेतली, पहिली ओळ म्हटली आणि दुसरीला अडकली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. बायका वाट बघत होत्या. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "एवढं काही मोठं झालं नव्हतं तुला. उगाच बाऊ करतेस." तिने दोरी शेजारणीच्या हातात दिली आणि मागे जाऊन बसली. जेवलीही नाही.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांकडे तक्रारच केली. "माइल्ड होता ना? मग ही बोलत का नाही?"

त्यांनी तिला घड्याळ दाखवलं. ते तिने सांगितलं. पेनचं नाव आलं नाही. चावी दाखवली तेव्हा तिने नुसता हात कुलपात किल्ली फिरवल्यासारखा फिरवला.

"माइल्ड आम्ही मेंदूच्या इजेला म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "जागा लहान आहे, पण शब्द तिथूनच येतात. यांना सगळं कळतं. शब्द सापडत नाही."

आई माझ्याकडे वळली. बराच वेळ लावून म्हणाली, "म्हणजे... मी सोंग... नव्हते करत."

सोंग हा शब्द मी कधी वापरला नव्हता. पण मनात तोच होता, आणि तिने तो ऐकला होता.

रिक्षात मी तिचा हात धरून म्हटलं, "चुकलं माझं, आई." ती बाहेर बघत राहिली.

आता तिला बोलण्याच्या सरावाला नेते. बरेच शब्द परत आलेत. माझ्याशी बोलते, चिडतेही. पण चार माणसं जमली की तोंड उघडत नाही. कुणी काही विचारलं तर माझ्याकडे बघते, आणि तिच्या वतीने मी उत्तर देते. तेव्हा तिच्या नजरेला नजर देणं मला जमत नाही.