‘जुना पारखी’नं नेलेला बोकड

‘जुना पारखी’ हे टोपणनाव लावणाऱ्या माणसानं मला फसवलं आणि माझ्या गोठ्यातला पैदाशीचा बोकड नेला. ज्यानं त्याच्या त्या नावापुढं ‘जाणकार’ असा शिक्का लावून दिला, त्यानं त्याला साथ दिली. आधी एवढं लिहून टाकतो, मग बाकीचं.

मी तेरचा. शेळ्यांचा धंदा. बापानं मला एक दावंसुद्धा दिलं नाही. दुसऱ्यांच्या शेळ्या पायी बाजारात पोचवायच्या, इथून सुरुवात केली. आज आमच्या धाराशिव जिल्ह्यात वाशीपासून परंड्यापर्यंत ज्याला आपल्या काळ्या गावरान जातीची अस्सल करडं हवीत, तो माझ्या दारात येतो. ‘याच्याकडं भेसळ नाही’ हे लोकांच्या तोंडचं एक वाक्य, त्यावर माझं घर उभं आहे. दुसरी कमाई माझ्याकडं नाही.

जिल्ह्यातल्या शेळीवाल्यांचा मोबाइलवर एक गट आहे. धाराशिवचा एक नोकरदार तो चालवतो. नियम एकच. खरं नाव, गाव, नंबर काही दिसता कामा नये. मला तो नियम पटला होता. आमच्यात गोठ्यात रोग शिरला तर माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही, कारण बातमी फुटली की पुढच्या बाजारी त्याच्या जनावराला कुणी हात लावत नाही. टोपणनावाआड लोक मोकळेपणानं विचारायला लागले. माझ्या शेळ्या गाभडल्या, करडं पोटातच गेली, तेव्हा मीही ‘काळं शिंग’ या नावानं विचारलं, आणि मिळालेल्या सल्ल्याचा उपयोग झाला. ते मी नाकारत नाही.

मग सोनारीकडच्या एका गिऱ्हाइकानं माझ्या बोकडाच्या कानांवरून त्याच्या जातीची शंका काढली. त्याचं तोंड बंद करायला मला चार जाणत्यांचं मत हवं होतं. मी बोकडाचा फोटो काढला. मागची भिंत, दार, आमच्या गावची खूण, सगळं कापलं आणि गटात टाकला.

‘जुना पारखी’नं लिहिलं, “बाहेरचं रक्त आहे. पैदाशीला ठेवाल तर सगळा कळप बाटेल. बोभाटा व्हायच्या आत खाटकाच्या भावात काढा.”

त्याच्या नावापुढं गट चालवणाऱ्यानं दिलेला ‘जाणकार’ हा शिक्का होता. त्याच्यामागं बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बायको म्हणाली, “म्या त्याला बाटलीनं दूध पाजलंय. आई आपल्या घरची, बाप आपल्या डोळ्यांसमोरचा. ह्या फोनमधल्याला बाहेरचं रक्त कुठून दिसलं? तुमी बाजारात बापाचं ऐकत न्हाय, अन् बिनतोंडाच्याचं ऐकताय व्हय?”

मी तिलाच झापलं. माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, बोभाटा.

चार दिवस गेले नसतील, वाशीकडचा एक दलाल दारात उभा. “मालक, बोकड काढायचाय म्हणं?”

मी गावात कुणाला बोललो नव्हतो. बायकोनं पटकन विचारलं, “तुमाला कुणी सांगितलं?”

“वहिनी, आमाला वाऱ्यावर कळतं,” तो हसला आणि त्यानं रुमाल पसरला.

आमच्यात सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही, पण तोंडं मात्र उघडी असतात. मी जन्मभर बोटांपेक्षा तोंड वाचून धंदा केला. त्या दिवशी समोरच्या तोंडावर काही सापडेना, कारण घेणारा तिथं नव्हताच. तो कुठंतरी लांब बसून दुसऱ्याच्या बोटांनी माझा हात दाबत होता. बोकड गेला. जाताना दारात अडला, दलालानं ओढला.

पुढच्या महिन्यात गटात ‘जुना पारखी’नं फोटो टाकला. ‘माझ्या कळपातला अस्सल नर. पैदाशीसाठी शेळ्या आणाव्यात.’ काळा बोकड म्हणजे काळ्या बोकडासारखाच, ओळखतंय कोण, असं त्याला वाटलं असणार. माझ्या बोकडाच्या मागच्या उजव्या गुडघ्याच्या आत पांढऱ्या केसांचा झुबका आहे, तो मी अंधारात चाचपून सांगेन. फोटोत तो दिसत होता. गटातले वाहवा करत होते.

मी लिहिलं, “हा माझा बोकड.”

उत्तरं आली. “काळं शिंग, तुझा तर संकर होता ना?” “लई जळतंय वाटतं!”

बायकोनं मी गटात टाकलेला पहिला फोटो हातात घेतला आणि बोट ठेवलं. बोकडाच्या गळ्यात तिनं वळलेला तांबडा-काळा गोफ होता. आमच्या प्रत्येक जनावराच्या गळ्यात तो असतो, अख्खा बाजार ओळखतो. मी भिंत कापली, दार कापलं, गोफ तसाच ठेवला. म्हणजे मी कोण हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टोपणनाव दोघांना होतं. आडोसा त्याला एकट्यालाच मिळाला.

तेव्हा मी माझं खरं नाव, गाव आणि तोंडाचा फोटो गटात टाकला आणि लिहिलं, “मी हा. आता तू ये पुढं.”

तो आला नाही. मला गटातून काढलं. कारण दिलं, नियमभंग.

मी धाराशिवला त्या नोकरदाराच्या घरी गेलो. त्यानं चहा मागवला. मी पेल्याला हात लावला नाही.

“काका, नियम सगळ्यांना सारखा,” तो म्हणाला. “आज तुमच्यासाठी एकाचं नाव फोडलं, तर उद्या आजारी शेळीचं कोण विचारील?”

“आजारी शेळीवाल्याचं नाव झाका की. पण न्यायाधीश झाकून बसवला तुमी! त्याला जाणकार कशावरनं केलं? कधी बघितलाय त्याला?”

“तो छान लिहायचा, काका.”

छान लिहायचा! माझा कळप आता भेसळीचा म्हणून बोलला जातो. ज्यांना त्या बोकडाची करडं मी विकली, ते लोक फोन करून विचारतात, “खरं काय ते सांगा, मालक.” मी काय सांगू? फोटोतल्या अस्सल नराचीच ती करडं आहेत म्हणून सांगितलं, तर हसतात.

गट चालवणारे साहेब, तुम्हीच शिक्का दिला, तुम्हीच माझं तोंड बंद केलं. ‘जुना पारखी’चा नंबर तुमच्याजवळ आहे. मला तो नंबर नको. त्याला बोकड घेऊन बाजारात आणा, चार माणसांत उभा करा, आणि तिथं बोकडाला बघून त्याला सांगू द्या, संकर की अस्सल. त्याला आणता येत नसेल, तर तुम्ही या आणि त्याच्या जागी उत्तर द्या.