पोळ्याच्या दिवशी मोडलेला जबडा

मले लोकांचे आवाज काढता येतात. म्हंजे, येत होते. वाशीमकडच्या मालेगावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, त्यात हेच नीट शिकलो. हेडमास्तरचा खोकला, तपासनी साहेबाचं पोट पुढं काढून बोलनं, अत्तरवाल्या चाचाचं "सूंघो तो सही, मियां." गावात कुठंबी निघालो का लोकं थांबवत, "काढ ना बे चाचाचा." माहा सोताचा आवाज कसा हाय, हे कोनी इचारलं नाई. गरजच नोती.

आमच्या मळ्याले लागून मामाचा मळा. नात्यातला नाई, पन सारं गाव त्याले मामाच म्हने. वांगे, मिरच्या, सांबार म्हंजे कोथिंबीर लावायचा अन बाजारात नेऊन इकायचा. डाव्या गालात कायम तंबाखूचा बार, म्हनून तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून बोले. बैलाले कधी मारलं नाई त्यानं. नुसतं म्हने, "हं, चला बाप्पा," का जोडी चालाले लागे.

पोळ्याले गावातले समदे बैल तोरनाखाली रांगेत उभे राह्यतात. लोकं झडत्या म्हनतात, त्या गान्यातून एकमेकाची टिंगल करतात, अन त्या दिवशी टिंगलीचा राग धरायचा नसते. पन तोरन तोडायचा मान पाटलाच्या जोडीचा. ते बैल निघाले का मंग बाकीचे.

त्या साली झडत्या रंगात आल्या अन पोरायनं मले पुढं ढकललं. "मामाचा काढ बे." मामा समोरच उभा, तोबी हासून राह्यला होता. मी गालात जीभ कोंबली, तोंड वाकडं केलं अन म्हटलं, "हं, चला बाप्पा."

आवाज चांगलाच आला असन. मामाची जोडी निघाली ना. तो कासरा ओढे ओढेपर्यंत तोरनाचे आंब्याचे पानं त्याच्या बैलाच्या शिंगात. आधी समदे हासले. मंग पाटलाच्या तोंडाकडं पाह्यलं अन हासनं बंद झालं. मामा साऱ्या गावात एकटा उभा राह्यला. हाताले कासरा गुंडाळला होता, त्याच मुठीनं त्यानं मले हानलं. एक गालावर, एक जबड्यावर. कानाच्या आतून आवाज आला, उसाची कांडी मोडावी तसा. लय आवाज काढले मी, पन हा आपला आपनच निघाला.

घरी खाटेवर पडलो. वरचे दात अन खालचे दात एकमेकाले भेटत नोते. माय तोंडातलं रगत पुसून राह्यली होती. दिवेलागनीले बाहेर घुंगरायचा आवाज आला. मामा आला होता, बैल घेऊन.

"भाऊ, तुमची गाडी जुपतो मी," तो माह्या बापाले म्हने. "वाशीमले दवाखान्यात नेऊ त्याले."

"आज पोळा हाय."

"मले मालूम हाय."

"आजच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवतेत का? एक रीत तुवा मोडली, तेवढी पुरे झाली."

मले आतून म्हनायचं होतं, जुपा. तोंड उघडलं तं नुसती लाळ गळाली. त्या टायमाले मले मामाचा आवाज काढता आला असता तं बैल कोनाले न इचारता निघाले असते. मंग घुंगरं वाजत वाजत लांब गेले.

दुसऱ्या दिवशी बापानं आपली गाडी जुपली. वाशीमचा डाक्टर पुन्याकडचा. त्यानं बोट घालून चाचपलं. खालचा जबडा दोन ठिकानी मोडला होता, गालाचं हाड आत बसलं होतं.

"काल का नाही आणलंत?"

"काल पोळा होता, साहेब."

सूज इतकी चढली, डाक्टर म्हने, का हाड नीट बसवता येत नाई. त्यानं हनुवटीखालून डोक्यावर पट्टी आवळली अन सांगतलं, दसरा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाई.

दाढ पडलेल्या फटीतून माय वरनाचं पानी पाजे. पूजेच्या नारळावानी दिसत होतो मी. पहिले पहिले पोरं आले. मी हात हालवून दाखवे, ते थोडं हासत, मंग आपसातच बोलत, जसा मी तठी नाईच. मंग आलेच नाई. बापानं त्या संध्याकाळचं नाव काढलं नाई. मी काढाव तं तोंड बांधलेलं. दिवसभर डोक्यातल्या डोक्यात हेडमास्तरचा खोकला काढे. डोक्यात तं एकदम बरोबर निघे.

पट्टी सुटली. खालचा ओठ बधिर, शीत चिकटलं तं माय सांगे तवा समजे. जबडा एका बाजूले सरकून जुळलेला. खोकला काढला, नाई आला. चाचाचा काढला, नुसती हवा गेली. काहीबी बोललो का एकच आवाज निघे, मामाचा. गालात जीभ कोंबायचीबी गरज नाई, तोंड आता कायमचंच वाकडं.

चावडीवर पोरायले मोठ्या उल्हासानं करून दाखवला. याच्याहून चांगला मी कधीच काढला नोता. एकानं जमिनीकडं पाह्यलं. एक म्हने, "जाऊ दे बे." कोनी हासलं नाई.

थंडीत एकदा मळ्यात एकटाच वाफे भरून राह्यलो होतो. मामाचे बैल पलीकडच्या धुऱ्याच्या बांधावर चरत होते. मी हळूच म्हटलं, "हं, चला बाप्पा." दोघायनं माना वर केल्या अन सरळ माह्याकडं आले. कुपाटीच्या कुंपनावरून नाकं काढून उभे राह्यले. त्याहिचा गरम श्वास माह्या हातावर लागे. बाकी कोनी इतक्या जवळ आलं नोतं लय दिवसात.

मांगून मामा आला. पोळ्यापासून तो आमच्या घराकडं फिरकला नोता. त्यानं आयकलं होतं.

"दुखते का रे अजून?"

"नाई," मी म्हटलं. तेबी त्याच्याच आवाजात.

मामानं गालातला तंबाखू थुकून टाकला. बैलायले आवाज नाई देला त्यानं. दोघायचे कासरे धरले अन वढत नेले. बैल अडून अडून चालत होते, मान वळवून माह्याकडंच पाहून राह्यले होते. मी तोंड मिटून उभा राह्यलो.