पाचाडच्या थाळीचा भाव कोण सांगणार?

मेन्यूकार्ड हातात आलं की लोक डावीकडून वाचतात, मी उजवीकडून. या खोडीपायी घरात बोलणी खाते, पण ब्लॉगवर तुम्हीच विचारता, "ताई, जेवणाचे किती झाले ते आधी सांगा." म्हणून थंडीत रायगड ठरला तेव्हा श्रीधरला, म्हणजे नवऱ्याला, सांगून टाकलं: गड तू बघ, वाटेतली महागाई मी बघते.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि तिथून महामार्गाने महाड. बाजारपेठेतल्या हॉटेलात मिसळ सत्तर रुपये, तर्री अशी की नाक गळायला लागलं. कार्डावर सत्तरच्या चिठ्ठीखाली साठची चिठ्ठी होती, तिच्याखाली आणखी एक. मी नखाने उकरायला लागले तर श्रीधरने हातावर चापट मारली. गल्ल्यावरचे मालक हसत म्हणाले, आणखी खाली जा, चाळीसपण सापडतील. मग चवदार तळ्याच्या काठी घटकाभर बसलो.

पोलादपूर खरं तर उलट्या दिशेला, पण तिथे चहा अजून दहालाच मिळतो असं ऐकलं होतं. मिळालाही! फक्त दोन घोटांत संपला. मोठा ग्लास हवा असेल तर पंधरा, म्हणे. म्हणजे महाडात महागाई चिठ्ठीखाली लपते आणि इथे ग्लासात. मी जाम खूश झाले, श्रीधर डिझेलचा हिशेब करत बसला.

संध्याकाळी गडाच्या पायथ्याशी पाचाडला सुनंदाताईंकडे मुक्काम केला. ताई घरीच खानावळ चालवतात. तांदळाची भाकरी, पिठलं, वालाचं बिरडं, ठेचा, आमटी-भात. दीडशे रुपयांत पोटभर. श्रीधरने पाच भाकऱ्या हाणल्या. मी चिठ्ठी शोधली, सापडली नाही. भाकरी लहान झाली म्हणावं तर ताटाबाहेर येत होती. शेवटी न राहवून विचारलं, हे परवडतं कसं?

"नाय परवडत," ताई म्हणाल्या. "पण पानावर बसलेल्या माणसाला जास्त पैसं सांगायला माझी जीभ रेटत नाय."

दोनशेची पाटी लावून पाहिली होती त्यांनी, पण कुठल्याशा जुन्या व्हिडिओत दीडशेचा भाव आहे आणि येणारा प्रत्येक ग्रुप तोच मोबाईल पुढे करतो. या हंगामात जमलं नाही तर खानावळ बंद करून महाडला एका कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापायला जाणार होत्या. तिथे बोलणंही झालं होतं. मग हळूच म्हणाल्या, तुम्हीच लिहा ना दोनशे, म्हणजे मला सांगायला नको. मी म्हटलं, मी दिले तेवढेच लिहिते, आणि दोघांचे चारशे काढले. छे! पानाला दीडशे सांगितले होते, ताईंनी तेवढेच घेतले. मला मेलीला वाईट वाटलं.

सकाळी गडावर जाताना जेवण सांगून जायचं आणि उतरल्यावर गरम पानावर बसायचं, अशी इथली रीत. अंगणात पोरांचा एक ग्रुप उभा होता, मोबाईल तयारच. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "ताई, आमची दोन पानं. कितीला?"

ताईंनी पदर खोचला, चुलीकडे बघत म्हणाल्या, "दोनशे."

पोरांनी व्हिडिओ पुढे केला.

"तो जुना हाय. आता दोनशे. भाकऱ्या मोजत नाय मी."

पोरं कुजबुजली आणि पुढच्या घराकडे निघून गेली. ताईंचा चेहरा उतरला. गड सुंदर आहे, पायऱ्या दमवतात, पाणी भरपूर न्या. याहून जास्त मला काही आठवत नाही. सगळा वेळ मी स्वतःला शिव्या घालत होते.

दुपारी उतरलो तर त्या ग्रुपातली निम्मी पोरं ताईंच्या पडवीत जेवत होती. निम्मी आली नाहीत ती नाहीच. ताईंनी आमच्याकडून चारशे घेतले.

घरी आल्यावर मी ब्लॉगसाठी लिहून ठेवलं: पाचाड, थाळी दोनशे, पोटभर. पोस्ट टाकायच्या आधी काल ताईंना फोन केला, मैत्रिणींना घेऊन पुन्हा यायचं आहे म्हणून. कॅन्टीनचं विचारलं, तर म्हणाल्या, येते म्हणून नाय कळवलं त्यांना. मी पुढे काही बोलणार तोच ताई म्हणाल्या, "आधीच सांगते गो ताई, दोनशे वीस. तेल वाढलं."

भाव वाढला म्हणून आनंदाने हसण्याची माझी आयुष्यातली ही पहिलीच वेळ.